लक्ष्मी आणि पटांगण

अमेरिकेंतील कॉलेज-फुटबॉलच्या पटांगणावर लक्ष्मी उघडपणें अवतरली, तेव्हां जुन्या मंडळींनीं कपाळाला हात लावला. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूला आपलें नांव व छबी जाहिरातीसाठीं विकण्याची मोकळीक मिळाली. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांनाहि आपल्या उत्पन्नाचा वांटा त्याला देण्याची परवानगी झाली. आतां धनाढ्य संघच सदैव जिंकणार, असें भाकीत झालें.

मला तें सर्वस्वीं पटत नाहीं. पूर्वीं तरी सामना बरोबरीचा कोठें होता? गुणी पोरें मातबर संघाच्या राखीव बांकावरहि मुकाट्यानें बसून राहत. आतां पैसा आणि संघ बदलण्याची मुभा त्यांना दुसरीकडे नेऊं शकते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं व्हँडरबिल्टनें पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ असें नमविलें. त्या विजयाचा सूत्रधार दिएगो पाविया न्यू मेक्सिको स्टेट सोडून आलेला होता. दुबळ्याच्या या विजयानें मी हरखलों.

पण ज्या लहान संघानें असा खेळाडू घडविला, त्याच्या पदरीं काय पडलें? रोप एकानें वाढवावें नि फळ दुसऱ्यानें तोडावें, तसेंच हें. वरच्या पंक्तींतली चुरस वाढते खरी; तिची किंमत मात्र खालची पंक्ति मोजते. म्हणून माझा हर्ष अर्धाच आहे.