काउझच्या तोफा आणि त्यांमागचीं माणसें

इंग्लंडच्या दक्षिण किनार्‍यावरील साउदॅम्प्टन बंदर सोडून आगबोट खाडीच्या मुखाशीं आली, कीं समोर आइल ऑफ वाइट हें बेट दिसूं लागतें. बेटाच्या उत्तर टोकास मेदिना नांवाची लहानशी नदी समुद्रास मिळते, आणि तिच्या दोन्ही तीरांवर काउझ हें गांव वसलें आहे. पूर्वेकडे ऑस्बर्न येथें व्हिक्टोरिया राणीचा वाडा आहे. त्यांतील दरबार-दालनाची नक्षी लाहोरच्या भाई रामसिंग यांनीं सिद्ध केली असल्यामुळें हिंदी प्रवासी तेथें आवर्जून जातात. आम्हींही तो वाडा पाहिला. आणि मग पाण्याखालीं पसरलेल्या सांखळ्यांच्या आधारें चालणार्‍या लोखंडी तराफ्यावरून नदी ओलांडून पश्चिम तीरावर गेलों. ऑगस्टचा महिना होता व शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा येथील सुप्रसिद्ध आठवडा चालू होता. नौकांच्या शोभेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. ज्यांच्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं, ते शर्यत चालविणारे अधिकारी हाच आमच्या या लेखाचा विषय आहे.

या शर्यतींस १० ऑगस्ट १८२६ रोजीं प्रारंभ झाला. त्या दिवशीं अवघ्या सात नौका उतरल्या होत्या व बक्षीस होतें शंभर पौंड किमतीचा सोन्याचा पेला. महायुद्धांचा काळ व २०२० सालची महामारी सोडली, तर हा प्रघात आजतागायत चालत आला आहे. नौका मात्र आतां शेंकड्यांनीं येतात. किनार्‍याला लागूनच आठव्या हेन्रीनें १५३९ सालीं बांधविलेला लहानसा कोट आहे. तेथें 'रॉयल यॉट स्क्वॉड्रन' या जुन्या नौकाक्लबाचें ठाणें असून त्याच्या तटावर बावीस पितळी तोफा ओळीनें मांडलेल्या आहेत. चौथ्या विल्यम राजानें हौसेसाठीं 'रॉयल ॲडिलेड' नांवाचें एक छोटें लढाऊ जहाज करविलें होतें, त्यावरच्या या तोफा होत. खेळण्यासारख्या दिसतात, पण आवाज खासा होतो.

आतां अधिकार्‍यापुढील अडचण पाहा. धांवण्याच्या शर्यतींत धांवणारे रेषेवर उभे राहतात. शिडाच्या नौकेस उभें राहणें ठाऊक नाहीं. वारा आहे तोंवर ती चालणार, आणि वारा नसला तर पाणी तिला वाहून नेणार. त्यांत काउझपुढील सोलेंट खाडीचें पाणी मोठें खोडकर. साउदॅम्प्टनच्या भरतीला एकाच वेळीं दोन शिखरें असतात. प्रवाह इतका जोराचा, कीं मंद वार्‍यांत कित्येक नौका चक्क नांगर टाकून रेषेपाशीं थांबून राहतात. खाडीच्या मध्यावर ब्रॅम्बल नांवाचा वाळूचा दांडा आहे. मोठ्या ओहोटीस तो क्वचित् घटकाभर पाण्याबाहेर येतो, व तेवढ्या वेळांत दोन क्लबांचे सभासद त्यावर क्रिकेटचा सामना खेळून घेतात! आमच्या कोंकणांतील तांडेलास उधाण आणि भांग यांचें गणित कोणी शिकवावें लागत नाहीं. येथील अधिकार्‍यासही तें तसेंच मुखोद्गत असावें लागतें.

खुल्या समुद्रांत शर्यत असली, तर अधिकारी आपली नौका एका टोकास नांगरतो, दुसर्‍या टोकास बोया टाकतो, आणि वार्‍याशीं काटकोन साधून रेषा आंखतो. ती सर्व नौकांच्या लांबीच्या बेरजेहून कांहींशी अधिक ठेवतो. वारा फिरला, तर रेषाही फिरवितो. काउझच्या कोटावर ही सोय नाहीं. तेथें जमिनीवरील खुणा एका ओळींत धरल्या म्हणजे समुद्रांत जी रेषा निघते तीच शर्यतीची रेषा, आणि ती वार्‍यासाठीं तसूभरही हलत नाहीं. नौकांस पूर्वेकडे सोडावें कीं पश्चिमेकडे, कोणत्या बोयांस कोणत्या क्रमानें वळसा घालावयास सांगावें, प्रवाह किती वाजतां उलटेल, हा सारा विचार आगाऊ करून ठेवावा लागतो. रस्ता बदलतां येत नाहीं म्हणून मुहूर्त साधावयाचा, असा हा प्रकार आहे.

मुहूर्ताचीं पांच मिनिटें पाहण्यासारखीं असतात. पांच मिनिटें उरलीं असतां त्या वर्गाचें निशाण चढतें. चार उरलीं, कीं दुसरें, बहुधा निळ्यावर पांढर्‍या चौकोनाचें. एक उरलें, कीं हें दुसरें उतरतें. आणि पहिलें उतरतें तो आरंभाचा क्षण. प्रत्येक संकेताबरोबर तोफ किंवा भोंगा वाजतो खरा, परंतु वेळ धरावयाची ती निशाणावरून. आवाज न झाला तरी हरकत नाहीं, असा नियमच आहे. कारण उघड आहे. ध्वनीस अर्धा किलोमीटर जावयास सुमारें दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत चांगली नौका पंधरा फूट पुढें जाते. ज्यास तोफ जवळ, त्याचें फावेल. निशाण सर्वांस एकदम दिसतें. एक जण घड्याळांतील सेकंद मोठ्यानें मोजतो, एक दोरीवर हात ठेवून उभा असतो, आणि एक जण रेषेवर डोळा लावून, कोण अगोदर ओलांडतो त्याचा शिडावरील आंकडा पुटपुटत टिपून ठेवतो. या तिसर्‍या गृहस्थाच्या डोळ्यावर सारी भिस्त.

दोन-चार नौकांनीं रेषा आधीं ओलांडली, तर पांढर्‍यावर निळ्या फुलीचें निशाण चढवून त्यांस मागें बोलावितात. पण मोठा घोळकाच पुढें घुसला व कोण कोण तें ओळखूं येईना, किंवा संकेत देण्यांत अधिकार्‍यांकडूनच कांहीं चुकलें, तर निळें-पिवळें त्रिकोणी निशाण चढतें, दोन आवाज होतात आणि सगळ्यांसच परत फिरावें लागतें. आम्ही उभे होतों तेव्हां हा प्रसंग घडला. ओहोटीच्या ओढीनें नौकांची रांगच्या रांग रेषेपलीकडे लोटली गेली होती. उत्तम आरंभ साधलेल्या नौकांवरील मंडळींचे हातवारे किनार्‍यावरून स्पष्ट दिसत होते. इतक्या लोकांचा रोष एका दोरीच्या ओढीसरशी पदरीं घेण्यास कांहींएक धैर्य लागतें. आमच्याकडे सभेच्या अध्यक्षास घंटा वाजवावयाची म्हटली तरी घाम फुटतो! शिवाय अधिकार्‍यांच्या चुकीनें आपलें नुकसान झालें असें वाटल्यास नौकेस निराळ्या पंचांपुढें दाद मागतां येते. ज्याच्या हातीं तोफ, तोही जबाबदारींतून सुटलेला नाहीं.

हें शास्त्र पूर्वीं इतकें रेखीव नव्हतें. २२ ऑगस्ट १८५१ रोजीं याच कोटापुढून बेटास वळसा घालण्याची जी शर्यत झाली, ती 'अमेरिका' नांवाच्या परदेशी नौकेनें जिंकली व तिच्या नांवाचा चषक आज जगप्रसिद्ध आहे. तेव्हां नौका नांगरावरून सुटत. 'अमेरिका' आपल्याच नांगरांत अडखळून मागें पडली. पुढें नॅब येथील दीपनौकेस बाहेरून वळसा न घालतां ती आंतून गेली म्हणून तक्रार झाली. पण नियमांच्या एका पत्रकांत नॅबचा उल्लेख होता, आणि तिला दिलेल्या पत्रकांत नव्हता. तक्रार तेथेंच मिटली. दुसरी नौका किती मिनिटांनीं आली, याविषयीं त्या काळच्या वृत्तांतांत आजही मेळ बसत नाहीं. एक ओळ गळाली व एक नोंद नीट झाली नाहीं; वाद मात्र पावणेदोनशें वर्षें पुरला.

याहून कठीण गोष्ट म्हणजे वादळ. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं काउझहून ३०३ नौका आयर्लंडजवळील फास्टनेट खडकाच्या शर्यतीस निघाल्या. निघतांना हवा ठीक होती. तेराच्या रात्रीं वादळानें त्यांस गांठलें. पंधरा खलाशी मृत्युमुखीं पडले, चोवीस नौका सोडून द्याव्या लागल्या व त्यांपैकीं पांच बुडाल्या. चौकशीनंतर बिनतारी यंत्र सक्तीचें झालें व नौकांच्या संख्येस मर्यादा घालण्यांत आली. शर्यतींत उतरावें किंवा पुढें चालू ठेवावें कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या नौकेची, असें नियम म्हणतो. कायद्याच्या दृष्टीनें तें रास्तच आहे. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतींत तोफ डागणार्‍याच्या दृष्टीआड नौका जातात, आणि परत येईपर्यंत तो मोजीत बसतो. तें ओझें कोणत्या नियमानें उतरतें? म्हणूनच तांबड्या-पांढर्‍या पट्ट्यांचें तहकुबीचें निशाण चढवून तासतास स्वस्थ बसणारा अधिकारी आम्हांस तोफ डागणार्‍याहून थोर वाटला. बाजूच्या बांकावरील प्रेक्षक कंटाळून कुरकुरत होते; वर कोटावर कोणी हलत नव्हतें.

हीं माणसें बहुतेक बिनवेतनी असतात. कित्येक वर्षें स्वतः सुकाणूं धरल्यावर तीं किनार्‍यावर येतात, शिकतात, परीक्षा देतात. 'वर्ल्ड सेलिंग' या संस्थेचा अंतरराष्ट्रीय शर्यत-अधिकारी हा किताब कांहींच जणांस मिळतो, आणि तोही मुदतीचा. आमच्या मुंबईच्या समुद्रावर १९८२ सालीं आशियाई क्रीडासामन्यांतील शर्यती झाल्या, त्यांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनीं सुवर्णपदक मिळविलें, तीं नांवें ठाऊक आहेत. रेषा आंखणार्‍यांचीं नांवें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं, आणि त्यांची तशी अपेक्षाही नसते.

सायंकाळीं वारा पडत चालला. पहिल्या नौकेसाठीं तोफ कधींच होऊन गेली होती, विजेते चहाला गेले होते, गर्दी पांगली होती. एक जुनी लांकडी नौका प्रवाहाविरुद्ध हातहात पुढें सरत होती, तीही मध्येंच मागें जाई. मुदत संपावयास थोडाच अवकाश होता. कोटावर तिघे जण अजून तसेच उभे होते. एकाचा डोळा रेषेवर, एकाचा घड्याळावर, आणि तिसर्‍याच्या हातीं पेन्सिल. ती रेषेवर आली तेव्हां एक आवाज झाला व तिची वेळ मिनिटें-सेकंदांसह लिहिली गेली.