दारीं बांधलेला हत्ती

पूर्वींच्या काळीं सरदारांच्या दारीं हत्ती झुलत असे. हत्ती मिळणें हा मान असे. त्याच्या चाऱ्याची सोय मात्र मान मिळालेल्या माणसासच पाहावी लागे. ही गोष्ट आम्हांस लहानपणापासून ठाऊक होती. तरीहि तीन वर्षांपूर्वीं, पन्नाशी उलटल्यावर, आम्हीं बारा वर्षें वापरलेली एक परदेशी बनावटीची उंची मोटार विकत घेतली. नवी असतांना जिची किंमत पन्नास लाखांच्या घरांत होती ती आम्हांस सहा लाखांस मिळाली. तेव्हां चव्वेचाळीस लाख वांचले, असा हिशेब आम्हीं घरांत मांडला. दादांसह सर्वांनीं तो मान्य केला. एकट्या थोरल्या वहिनींनीं विचारलें, "भावोजी, घ्यायची किंमत समजली. ठेवायची किती?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. तें आज देण्याचा विचार आहे. कारण अशी जुनी मोटार घेण्याची इच्छा अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत उत्पन्न झालेली आम्ही पाहतों.

मोटार जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. सहा लाखांच्या मोटारीचा पंप बिघडला तर तो पन्नास लाखांच्या मोटारीच्याच भावानें घ्यावा लागतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आमच्या स्वयंपाकघरास शोभणारी नसली, तरी या मोटारीस ती अक्षरशः लागू पडते.

पहिल्याच पावसाळ्यांत एके सकाळीं पायाखालचा गालिचा ओला लागला. दोन दिवसांनीं समोरच्या फळीवर सूचनेचे दिवे एकामागून एक पेटूं लागले. एका मोठ्या वर्कशॉपमध्यें गाडी दाखविली, तेव्हां गालिच्याखालील इलेक्ट्रॉनिक पेटी भिजून निकामी झाली असून ती बदलण्यास दीड लाख रुपये पडतील, असें सांगण्यांत आलें. सुदैवानें ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींस आम्हीं घरीं बोलाविलें. ते म्हणाले, "साहेब, पेटीचें मागाहून बघूं. पाणी आलें कुठून, तें आधीं बघूं." त्यांनीं छपराच्या सरकत्या काचेभोंवतालच्या पन्हळींत तांब्याभर पाणी ओतलें. त्या पन्हळीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात आणि पावसाचें पाणी गाडीच्या खांबांतून खालीं रस्त्यावर सोडतात. आमच्या अंगणांतील गुलमोहराच्या पानांनीं त्या नळ्या तुंबल्या होत्या आणि पाणी रस्त्यावर न जातां गाडींत उतरत होतें. नळ्या साफ केल्या, पेटी वाळविली, तिच्या जोडण्या पुसल्या, दिवे विझले. मिस्त्रींनीं आठशें रुपये घेतले.

या प्रसंगापासून आम्ही शहाणे झालों असें म्हणावयास हवें होतें. परंतु तसें घडलें नाहीं. साध्या मोटारीचा भार पोलादी स्प्रिंगांवर असतो. या मोटारींत त्यांच्या जागीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्या आहेत. त्यामुळें प्रवास फार सुखाचा होतो. परंतु रबर वर्षांगणिक तडकतें आणि हवा हळूहळू झिरपूं लागते. रात्रीं उभी केलेली गाडी सकाळीं एका कोपऱ्यांत बसलेली दिसे. चालू केली कीं कॉम्प्रेसर हवा भरी आणि ती उठे. "हत्ती उठला," असें म्हणून मुलें टाळ्या पिटीत आणि आम्हीहि हंसत असूं. थोडा वेळ चालण्यासाठीं केलेला तो कॉम्प्रेसर गळती भरून काढण्यासाठीं सारखा राबत होता, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. मिस्त्रींनीं दोनदां बजावलें. आम्हीं दिवाळीनंतर पाहूं म्हटलें.

श्रावणांतील एका रात्रीं दोनच्या सुमारास आईच्या छातींत दुखूं लागलें. आम्ही किल्ली घेऊन धांवलों, तों गाडी जमिनीस टेकलेली आणि बॅटरी पूर्ण उतरलेली. कॉम्प्रेसरचा अतिश्रमानें तापलेला रिले चिकटून बसला होता व गाडी बंद असतांनाहि त्यानें रात्रभर वीज ओढली होती. वीज नाहीं म्हणून गिअर सुटेना आणि गिअर सुटेना म्हणून गाडी ढकलतां येईना. पुतण्याची लहान गाडी तिच्या मागें, भिंतीच्या बाजूस अडकलेली. अखेर समोरच्या गृहस्थांस उठविलें आणि त्यांच्या गाडींतून आईस रुग्णालयांत नेलें. ती बरी होऊन घरीं आली, ही ईश्वराची कृपा. परंतु दुखणें किती वाजतां सुरू झालें असें डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां मध्यें गेलेल्या वीस मिनिटांचा हिशेब देतांना आमची मान खालीं गेली.

त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या मनांत बर्था बेंझ या बाईंची गोष्ट घोळत होती. १८८८ सालीं त्या आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीनें बनविलेल्या मोटारींतून मानहाइमहून फोर्त्सहाइम येथें, सुमारें शंभर किलोमीटर, गेल्या. वाटेंत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनीं टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि ब्रेक झिजले तेव्हां चांभाराकडून त्यांवर कातडें बसवून घेतलें. त्या मोटारींतील प्रत्येक दोष डोळ्यांस दिसत असे. आमच्या मोटारींत ठिकठिकाणीं संगणक आहेत. दोष शोधण्यासाठीं यंत्र जोडून सांकेतिक आंकडे वाचावे लागतात. हे आंकडे म्हणजे लक्षण होय, निदान नव्हे. आंकडा वाचून लगेच सुटा भाग बदलणें म्हणजे ताप पाहून रोग ठरविण्यासारखें आहे. मात्र बाईंजवळ जी सावधानता होती तिची गरज अद्याप संपलेली नाहीं.

आतां वहिनींनींच एक वही घातली आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि घाट उतरतांना तापून उकळलें तर ब्रेक लागत नाहींत. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावयाचें. गिअरपेटीचें तेल जन्मभर पुरतें असें सांगण्यांत येतें, परंतु लाखभर किलोमीटरनंतर तें बदलणें हिताचें. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेवरील प्लॅस्टिकचे भाग उष्णतेनें ठिसूळ होतात. ते फुटण्याची वाट पाहूं नये. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी टायर म्हातारा होतो. आणि विकत घेण्यापूर्वीं गाडी एक रात्र उभी ठेवून सकाळीं ती बसली आहे काय, हें पाहावें. आम्हीं एवढें केलें असतें तर पुढचें पुष्कळसें टळलें असतें.

या वर्षीं गाडीस पंधरा वर्षें पूर्ण झालीं. पुढील पांच वर्षांसाठीं नोंदणी करावयाची तर तपासणी करून घेऊन पर्यावरण कर भरावा लागतो. तेव्हां ठेवावी कीं विकावी, हा प्रश्न घरांत निघाला. वहीवरून पाहतां, पेट्रोल व विमा सोडून, तीन वर्षांत चार लाख साठ हजार खर्च झाले होते. दादा म्हणाले, "विकून टाक." मुलें गप्प बसलीं. आईस आजवर याविषयीं कोणीं विचारलें नव्हतें. त्या दिवशीं विचारलें. ती म्हणाली, "वेळेला दारांतून निघेल ती गाडी आपली. मग ती कुठलीही असो."

गाडी ठेवावयाचें ठरलें, पण अटींवर. वर्षाचे दीड लाख आधींच बाजूस काढून ठेवावयाचे; ते जमले नाहींत त्या वर्षीं ती विकावयाची. दर रविवारीं सकाळीं आम्हीं स्वतः तासभर तिची पाहणी करून वहींत नोंद करावयाची. आणि रात्रीं फाटकाजवळ पुतण्याची लहान गाडी उभी करावयाची, मोठी तिच्या मागें. वहिनींच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. यांतील पैशांपेक्षां रविवारचा तास देणें आम्हांस अधिक जड गेलें, हें कबूल केलें पाहिजे. गेल्या रविवारीं पाऊस होता. तरी छत्री घेऊन आम्हीं पन्हळींतील पानें काढलीं.