तळघरातील अग्नीची मुदत

शिकागोच्या उपनगरांत गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी मराठी कुटुंबे घरे घेऊन स्थायिक झाली, त्यांच्यात देवघराची दिशा, स्वयंपाकघराची रचना आणि अंगणातल्या तुळशीने हिवाळा कोठे काढावा, ह्या सर्व विषयांवर सविस्तर मसलत झालेली आढळते. परंतु तळघराच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या एका उभ्या पेटीत, जो अग्नी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत त्या संपूर्ण गृहस्थीचा योगक्षेम वाहत असतो, त्याची वास्तपुस्त तो विझेपर्यंत बहुधा कोणी करीत नाही. ३० जानेवारी २०१९ रोजी येथील ओ'हेअर विमानतळावर पारा उणे २३ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सेल्सियस मापाने उणे ३१ अंशांच्या घरात, उतरला होता. अशा रात्री फर्नेस बंद पडली, तर मामला आणखी एक रजई काढण्यावर भागत नाही. काही तासांत बाहेरच्या भिंतींलगतच्या नळांतील पाणी गोठू लागते, गोठताना ते प्रसरण पावून नळ फोडते, आणि दुरुस्तीचा खर्च तळघरातून वर चढत थेट दिवाणखान्याच्या छतापर्यंत पोहोचतो.

घरे उबदार राखणाऱ्या यंत्रांच्या ह्या व्यवसायातच माझा उदरनिर्वाह चालत असल्यामुळे, मंडळाच्या गणेशोत्सवात असो वा कोणाच्या घरच्या सत्यनारायणाला असो, प्रसाद हातात पडण्यापूर्वी एक पृच्छा माझ्यापुढे हटकून येते : "आमची फर्नेस अठरा वर्षांची झाली, आता बदलावी का हो?" ह्या प्रश्नात असे गृहीत धरलेले असते, की सरकारी नोकराप्रमाणे यंत्रालाही निवृत्तीचे एक ठरलेले वय असावे. माझे मत असे आहे, की वय हे चौकशी सुरू करण्यास पुरेसे कारण आहे, पण निकाल देण्यास ते अपुरे पडते. निकाल यंत्राच्या एका विशिष्ट अवयवावर आणि ज्या घरात ते बसवले आहे, त्या घराच्या प्रकृतीवर ठरतो.

हे समजण्यासाठी आधी यंत्राचा कारभार थोडक्यात पाहू. भिंतीवरील थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केली, म्हणजे प्रथम एक लहान पंखा धूर बाहेर काढण्याच्या मार्गात ओढ निर्माण करतो. ती ओढ पुरेशी असल्याची साक्ष दाबाच्या स्विचने दिल्यावर इग्नायटर तापून लाल होतो. मग वायूची झडप उघडते, ज्वाळा पेटते, आणि ज्वाळा खरोखरच पेटली आहे, ही खात्री एक बारीकशी धातूची कांडी ज्वाळेतून वाहणाऱ्या अत्यल्प विद्युत्प्रवाहावरून करून घेते. ह्या ज्वाळेचे तप्त वायू पोलादी पोकळ्यांच्या ज्या अवयवातून जातात, त्याला हीट एक्सचेंजर म्हणतात. त्याच्या आतून धूर वाहतो, बाहेरून घरातील हवा फिरते, आणि दोहोंमध्ये पोलादाच्या पातळ पत्र्याखेरीज दुसरा पडदा नसतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात मोठा ब्लोअर सुरू होऊन ही तापलेली हवा डक्टांतून खोलीखोलीत पोहोचवतो.

ह्या साखळीतील बहुतेक कड्या बदलण्याजोग्या आहेत. ज्वाळेची कांडी काजळली, तर ती पुसून पुन्हा बसवता येते. इग्नायटर हा तर काही वर्षांनी जळणाराच भाग आहे. दाबाचा स्विच, कपॅसिटर, धुराच्या पंख्याची मोटर, एवढेच काय, नियंत्रणाची विद्युत्पट्टीसुद्धा नवी घालता येते, आणि तेवढ्यावरून यंत्र जीर्ण झाले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ह्या धंद्यात एक सोपा हिशेब फार प्रचलित आहे : यंत्राच्या वयाने दुरुस्तीच्या खर्चाला गुणावे, आणि गुणाकार पाच हजार डॉलरांच्या वर गेला, तर यंत्र बदलावे. विक्रेत्याला हा हिशेब सोयीचा असतो, कारण तो पाठ करायला सोपा आणि तपासायला अवघड आहे. सतरा वर्षांच्या फर्नेसचा धुराचा पंखा तीनशे डॉलरांत बदलून होत असला, तर गुणाकार ५,१०० होतो आणि निरोगी यंत्र भंगारात जाते; उलट, सहा वर्षांच्या फर्नेसचा हीट एक्सचेंजर फुटला, कंपनीने हमीप्रमाणे सुटा भाग फुकट दिला, पण मजुरीचे आठशे डॉलर मागितले, तर गुणाकार ४,८०० वर थांबतो आणि दुरुस्तीला संमती मिळते, मग सहाव्या वर्षीच तो अवयव का फुटला, ह्याची शहानिशा कोणी करीत नाही.

हे 'का' फार महत्त्वाचे आहे. फर्नेसचे सर्वसाधारण आयुष्य पंधरा ते वीस वर्षांचे मानतात. परंतु एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेली दोन यंत्रे दोन घरांत भिन्न वयात मरतात, आणि त्याचे कारण हवेच्या प्रवाहात सापडते. प्रत्येक फर्नेसच्या पट्टीवर असे लिहिलेले असते, की आत येणारी थंड हवा आणि बाहेर जाणारी उष्ण हवा ह्यांच्या तापमानांतील अंतर अमुक ते अमुक अंशांच्या दरम्यान असावे. फिल्टर महिनोन्‌महिने बदलला नाही, किंवा धुळीचे कण अधिक धरतो म्हणून अतिदाट विणीचा एक इंची फिल्टर त्या चौकटीत कोंबला, किंवा परतीची हवा आणणारे डक्ट मुळातच अरुंद असले, म्हणजे हवा कमी वाहते, हीट एक्सचेंजर मर्यादेबाहेर तापतो, आणि सुरक्षेचा स्विच ज्वाळा तोडतो. यंत्र निवते, पुन्हा पेटते, पुन्हा तुटते. तापताना प्रसरण आणि निवताना आकुंचन, हे चक्र पत्र्याच्या त्याच वाकांवर हजारो वेळा फिरले, की तेथे भेग पडते. घराच्या गरजेपेक्षा मोठी फर्नेस बसवली असता ती थोडाच वेळ जळून वारंवार बंद होते, आणि तिचाही शेवट ह्याच मार्गाने होतो. म्हणून अकाली मेलेल्या फर्नेसच्या जागी, डक्टांना हात न लावता, तेवढीच किंवा तिच्याहून मोठी नवी फर्नेस ठेवणे, म्हणजे जुनाच रोग नव्या शरीरात भरणे होय.

हीट एक्सचेंजरची भेग हा ह्या सर्व प्रकरणातील खरा निर्णायक मुद्दा, आणि दुर्दैवाने सर्वांत अधिक गैरवापर झालेलाही तोच. ब्लोअर सुरू होताच पत्र्याबाहेरील हवेचा दाब आतील वायूंपेक्षा वाढतो, त्यामुळे घरातील हवा भेगेतून आत घुसते आणि ज्वाळा विचलित करते. ब्लोअर सुरू होण्याच्या क्षणी स्थिर निळी ज्वाळा फडफडली वा पिवळी पडली, तर अनुभवी कारागिराला संशय येतो, तो ह्यामुळे. विचलित ज्वाळेत दहन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ह्या वायूला रंग नाही, गंध नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची आसक्ती प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. भेग दिसली म्हणजे घरात विष पसरलेच, असे नाही. बहुधा हा वायू धुराबरोबर बाहेरच जातो. परंतु धुराचा मार्ग बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने तुंबला, म्हणजे तोच वायू घराकडे वळतो, आणि त्या योगायोगावर कुटुंबाचे प्राण टांगून ठेवता येत नाहीत. इलिनॉय राज्यात २००७ पासून प्रत्येक शयनगृहापासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवणे कायद्याने बंधनकारक आहे, ते योग्यच होय; तथापि गजर वाजला नाही, हा यंत्राच्या आरोग्याचा दाखला मानू नये, कारण प्रचलित मानकाप्रमाणे हवेत ह्या वायूचे प्रमाण दशलक्षांत सत्तर भाग असताना गजराने वाजण्यास एक ते चार तासांची मुभा असते. खरी परीक्षा धुराच्या नळीत मापक घालूनच होते.

ह्यास्तव भेगेचे निदान ऐकल्यावर गृहस्थाने दोन गोष्टी एकदम कराव्यात : फर्नेस तत्काळ बंद करवून घ्यावी, आणि भेगेचे छायाचित्र व धुरातील वायूचे मोजलेले आकडे लेखी मागावेत. प्रामाणिक कारागीर ते आनंदाने देतो. जो नुसती मान हलवून आज रात्रीच करारावर सही मागतो, त्याला नम्रपणे निरोप द्यावा आणि दुसऱ्याला बोलवावे. त्या अवधीत विजेच्या लहान हीटरांवर एक-दोन खोल्या राखता येतात. भेग सिद्ध झाली, तर मात्र डागडुजीचा विचार मनात आणू नये. हीट एक्सचेंजर जोडकाम करून वाचवण्याची वस्तू नव्हे. मुदत उलटत आलेल्या यंत्रात तो नवा घालण्यापेक्षा संपूर्ण फर्नेस बदलणेच शहाणपणाचे ठरते, कारण हमीत सुटा भाग मिळाला, तरी यंत्र जवळपास पूर्ण उघडण्याची मजुरी हमीत येत नाही.

आता इंधनाच्या बचतीचा मुद्दा पाहू, कारण जाहिरातींत तोच अग्रभागी असतो. आयोवातील मार्शलटाउन येथे १८९५ साली डेव्ह लेनॉक्सने रिव्हेट ठोकलेल्या पोलादी पत्र्याची कोळशाची फर्नेस विकायला काढली, तेव्हापासून ह्या यंत्राची प्रगती मुख्यतः धुरातून वाया जाणारी उष्णता परत मिळवण्याची प्रगती आहे. अखंड पेटत्या पायलटच्या जुन्या फर्नेस वर्षभराच्या इंधनापैकी साठ-पासष्ट टक्केच घराला देत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९९२ पासून किमान ७८ आणि २०१५ पासून ८० टक्क्यांची अट घातली. कॅनडाने २००९ च्या अखेरीस ९० आणि २०१९ मध्ये ९५ टक्क्यांवर उडी घेतली, आणि अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२३ साली काढलेल्या नियमात हीच ९५ टक्क्यांची अट डिसेंबर २०२८ पासून ठेवली आहे. नव्वदीच्या वरची कार्यक्षमता साधते, ती दहनात निर्माण होणारी पाण्याची वाफ दुसऱ्या एका हीट एक्सचेंजरात निववून, तिच्यात दडलेली उष्णता काढून घेतल्यामुळे. धूर इतका थंड होतो, की विटांच्या धुराड्याऐवजी प्लास्टिकच्या नळीतून तो बाहेर सोडता येतो.

परंतु टक्क्यांचे डॉलरांत रूपांतर करताना हात आखडता ठेवावा. समजा, घर तापवण्यासाठी वर्षाला हजार डॉलरांचा वायू जळतो. हा आकडा काढताना जुलैचे बिल प्रमाण धरून स्थिर आकार, पाणी तापवणे आणि चूल ह्यांचा खर्च वजा घालावा. ८० टक्क्यांची फर्नेस काढून ९६ टक्क्यांची घातली, तर वार्षिक बचत सुमारे १६७ डॉलर. नवी फर्नेस बसवून सहा हजारांना पडली, तर ते भांडवल वसूल होण्यास छत्तीस वर्षे लागतील, आणि इतकी वर्षे ती नवी फर्नेसही जगणार नाही. ६० टक्क्यांची जुनी फर्नेस असेल, तर बचत ३७५ डॉलरांवर जाते आणि मुदत सोळा वर्षांवर येते. तेथे बदल हिशेबात बसतो. मधल्या पिढीची, ऐंशी टक्क्यांची सुस्थितीतील फर्नेस केवळ बचतीसाठी काढून टाकणे व्यापारी दृष्टीने टिकत नाही.

शिवाय फर्नेस एकटी नसते. अनेक घरांत तिचा धूर आणि पाणी तापवण्याच्या टाकीचा धूर एकाच धुराड्यातून जातो. फर्नेस प्लास्टिकच्या नळीवर गेली, की मागे उरलेल्या टाकीला ते धुराडे फार मोठे पडते, धूर वर चढण्याऐवजी निवून तेथेच रेंगाळतो, आणि आत धातूची अरुंद नळी सोडण्याचा खर्च अंदाजपत्रकात नसला, तर पुढे तो आयता गळ्यात पडतो. उन्हाळ्यातील थंड हवाही ह्याच फर्नेसच्या ब्लोअरने फिरते; वातानुकूलनाचे यंत्र जुन्या आर-२२ वायूचे असेल, तर त्या वायूचे उत्पादन व आयात अमेरिकेत २०२० च्या आरंभी बंद झाल्याचे ध्यानात घेऊन दोन्ही बदलांची तजवीज एकत्र करावी. तेव्हाच उष्णतेच्या पंपाचाही विचार व्हावा : सौम्य थंडीत पंप आणि कडाक्याच्या थंडीत फर्नेस, अशी जोडव्यवस्था आमच्या हवामानात उत्तम चालते.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. जानेवारीच्या रात्री, थंडीने कुडकुडत, ज्याचा फोन पहिल्यांदा लागेल त्याच्याकडून घेतलेली फर्नेस बहुधा गरजेपेक्षा मोठी, घाईत बसवलेली आणि महाग असते. यंत्राने पंधरावे वर्ष ओलांडले, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, कारागिरांना सवड असताना, संपूर्ण तपासणी करवून हवेच्या तापमानातील अंतर, डक्टांतील दाब, धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हीट एक्सचेंजरची छायाचित्रे एका फाइलीत ठेवावीत, आणि दरवर्षी त्यांची तुलना करावी. आकडे घसरू लागले, की निदान तीन अंदाजपत्रके मागवावीत. ती वाचताना किंमत शेवटी पाहावी. ज्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढून उष्णतारोधकाची जाडी पाहिली आणि घरातून थंडीत किती उष्णता निसटते ह्याचे गणित मांडले, त्याचा दर थोडा चढा असला, तरी काम त्यालाच द्यावे. जुन्या यंत्राच्या पट्टीवरचा आकडा उतरवून घेऊन दार लावणाऱ्याला देऊ नये. तपासणीत बावीस वर्षांची फर्नेस निर्दोष ठरली, तर तिला खुशाल चालू द्यावे आणि पैसे माळ्यावरच्या फटी बुजवण्यात घालावेत. आणि भेग सिद्ध झाली असेल, तर वय सहा वर्षांचे असले तरी वायूची झडप त्याच दिवशी बंद करावी.