जबडा

रात्री साडेदहा. सतरंजीवर उताणा पडलोय, मोबाइलवर योगनिद्रेच्या सूचना चालू आहेत. उजवा अंगठा, तर्जनी, मधलं बोट... मनाने एकेका अवयवावरून फिरायचं. जबड्यापाशी आलो आणि चमकलो. दातांवर दात गच्च आवळलेले! दिवसभर असेच असणार. दाढा झिजल्यात असं डेंटिस्टने सांगितलं, तेव्हा मी बिचाऱ्या सुपारीला बोल लावला होता.

या सूचना ऐकताना संमोहन मनात येतं. पूर्वी संमोहन म्हटलं की मला स्टेजवरचा जादूगार आठवायचा, कच्चा कांदा सफरचंद म्हणून खायला लावणारा. पण १८४०च्या दशकात ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रुळवणारा मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड पुढे स्वतःच त्या नावावर नाराज झाला. झोपेसाठीच्या ‘हिप्नोस’ या ग्रीक शब्दावरून नाव दिलं खरं, पण ही झोप नव्हेच. हे एकाच कल्पनेवर खिळलेलं मन, असं त्याच्या ध्यानात आलं. आपल्या योगनिद्रेचंही तेच. नावात निद्रा, आणि अट काय, तर झोपायचं नाही.

‘अंग सैल सोडा’ म्हटल्याने ते सुटत नाही. जोर लावला की खांदे आणखीच वर चढतात. श्वास लांब सोडत राहिलो, जीभ टाळूवरून खाली आली, मग कधीतरी जबडा आपोआप सुटला. पुढच्या सूचना ऐकल्याच नाहीत.

जाग आली तेव्हा सव्वादोन वाजले होते. मी कुशीवर वळलेलो, आणि गालावर सतरंजीची वीण उमटलेली.