किती तास?

डिसेंबर जवळ आला की आपल्या मंडळात बटाटेवड्यांच्या रांगेतही एकच विषय असतो, "यंदा कुठल्या विमानाने? तिकीट कितीला पडलं?" अंतर कोणी विचारत नाही. ते ठरलेलंच! नेवार्क ते मुंबई, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर.

भिंतीवरच्या नकाशात वाटतं, विमान सरळ पूर्वेला जात असेल. पण मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला पार आइसलंडपर्यंत सरकतो. तीच सर्वांत जवळची वाट. जाताना उंचावरचे पश्चिमी वारे विमानाला पाठीमागून ढकलतात, म्हणून थेट विमान साधारण पंधरा तासांत पोचतं. येताना तेच वारे समोरून येतात आणि तासभर तरी जास्त लागतो. शिवाय वाट माणसंही लांबवतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा भारतातून अमेरिकेला येणाऱ्या काही विमानांना वळसा घ्यावा लागला.

एअर इंडियाचं विमान १९६० साली लंडनमार्गे न्यूयॉर्कला येऊ लागलं. तरीही १९७४ मध्ये इथे आलेल्या माझ्या काकांना आजी गेल्याचं कळलं ते पत्राने, तेराव्यानंतर. काका त्या पत्राविषयी कधीच बोलले नाहीत. नेवार्कहून मुंबईला थेट विमान सुरू झालं २००७ साली. त्याचं मोल मला फेब्रुवारी २०११ मध्ये कळलं.

रात्री अडीचला फोन वाजला. कराडला दुपारचा एक. बाबा गेले होते. धाकट्या भावाने रडत रडत विचारलं, "दादा, नक्की किती तास?" विमान रात्रीचं, म्हणजे अठरा तास इथेच. पंधरा हवेत. मग सामान, इमिग्रेशन आणि कराडपर्यंत सहा तासांचा रस्ता. मी म्हटलं, "चाळीस." गावात इतका वेळ कोणी थांबत नाही. वडीलधारी मंडळी कुजबुजू लागली. आई एवढंच म्हणाली, "थांबायचं. तो येतोय." भावाने बर्फाच्या लाद्या आणवल्या. मी पहाटे पोचलो आणि उजाडल्यावर बाबांना अग्नी दिला.

काकांना मिळालं नाही ते मला मिळालं. ते विमानामुळे, तसंच आईच्या त्या शब्दामुळेही. चाळीस तासांपैकी पंधराच विमानाचे होते. बाकीचे आपल्या माणसांनी माझ्यासाठी सोसले.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील आता ऐंशीच्या घरात आहेत. विमानाचा वेग आपल्या हाती नाही, पण घरातून निघायला लागणारा वेळ आहे. पासपोर्टची मुदत आजच पाहा. ओसीआय कार्ड त्याच कप्प्यात ठेवा. आणि तिकडे भावाला, बहिणीला, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, की आपल्याला पोचायला किती तास लागतात.