खोट्या टेम्पोंचा मुकादम

साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात, पोटमाळ्यावरच्या लॅपटॉपमध्ये त्याचा मुक्काम. ऑफिसात सगळे त्याला नुसतं 'मॉडेल' म्हणतात, पूर्ण नाव सिम्युलेशन मॉडेल. काम मुकादमाचं. फक्त याच्या हाताखालचे टेम्पो खोटे, हमाल खोटे आणि सकाळचे नऊही खोटेच. खाली खैरानी रोडवर खरा छोटा हत्ती रिव्हर्स घेताना अर्धा रस्ता अडवतो, मागचे रिक्षावाले त्याचा उद्धार करतात. तेवढ्या वेळात हा वर बसून वर्षभराच्या गाड्या खाली करून मोकळा.

मिनिटं मोजत बसायचा त्याला कंटाळा. एक गाडी ९.०७ ला आली आणि पुढची घडामोड ९.१९ ला असली, तर मधली बारा मिनिटं तो सरळ ओलांडतो. गाडी आली, नंबर लागला, माल उतरला, गाडी निघाली, एवढ्याच नोंदी त्याच्या वहीत. ड्रायव्हरने चहा घेतला का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

घराणं मात्र नामांकित. फासे टाकून गणित सोडवण्याची माँटे कार्लो पद्धत १९४० च्या दशकात लॉस अलामॉसमध्ये उलाम आणि फॉन नॉयमन यांच्या हातून घडली. १९६१ मध्ये आयबीएमच्या जेफ्री गॉर्डन यांनी अशा रांगांसाठी जीपीएसएस ही संगणकभाषा आणली. त्याच वर्षी एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांचं 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' आलं. दुकानातली मागणी जराशी हलली, की कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा भडका कसा उडतो, ते त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडेही १९६३ मध्ये, साकी विहार रोडने पुढे गेल्यावर लागणाऱ्या विहार तलावाच्या परिसरात, औद्योगिक अभियांत्रिकीसाठी 'नीटी' उभी राहिली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. म्हणजे हे शास्त्र नाक्यापासून फार लांब नाही.

त्याचं खरं वैर सरासरीशी. शेठचा हिशेब साधा असतो. गाडी खाली व्हायला सरासरी २० मिनिटं, आणि दर २५ मिनिटांनी एक गाडी. पाच मिनिटं हातात राहतात, मग खोळंबा होईलच कसा? यावर मुकादम फासे टाकतो. एक गाडी दहा मिनिटांत खाली होते, दुसरी पाऊण तास खाते, मध्येच तीन गाड्या एकदम येतात. येण्याची आणि उतरवण्याची वेळ अशी पूर्ण बेभरवशाची धरली, तर पुष्कळ दिवसांचा हिशेब सांगतो की प्रत्येक गाडी सरासरी ८० मिनिटं रांगेत उभी राहते. हातातली पाच मिनिटं गेली कुठे? ती दारात गाडीच नसताना फुकट गेली, आणि गर्दीच्या वेळी ती परत मिळत नाहीत. गाड्या आठव्या हिश्शाने वाढल्या, की खोळंबा १८० मिनिटांवर जातो. मग हॉल्टिंगचे पैसे मागायला ड्रायव्हर दारात हजर.

आणखी एक गोष्ट त्याला जमते, ती माणसाला जमत नाही. फाशांना सुरुवातीचा आकडा तोच दिला, की तो आपला आधीचा खोटा दिवस जसाच्या तसा पुन्हा उभा करतो, त्याच गाड्या, तोच उशीर. मग त्याच दिवसात एक हमाल जास्त लावून बघा. 'त्या दिवशी पाऊस होता ना' ही सबब त्याच्यापुढे चालत नाही.

आता शेजारचा गाळा घ्या. तिथेही माल उतरवायला एकच जागा, तेवढ्याच गाड्या आणि तोच ८० मिनिटांचा खोळंबा. दोघांची रांग एक करा, जी जागा आधी मोकळी होईल तिथे पुढची गाडी लावा. खोळंबा ३६ मिनिटांच्या आसपास येतो. नवी जागा नाही, नवा माणूस नाही. शेठ खूश.

इथे खालचा खरा मुकादम जिना चढून वर येतो. "शेठ, त्यांचा माल आपल्या दारात उतरला तर उचलून कोण नेणार? दोन मिनिटं त्यात जातातच."

खोटा मुकादम राग धरत नाही. प्रत्येक गाडीमागे दोन मिनिटं वाढवली, तर तो सांगतो, खोळंबा साधारण ७५ मिनिटं. चाळीस मिनिटांची कमाई दोन मिनिटांनी खाल्ली. पण चुकीच्या दारात साधारण निम्म्याच गाड्या लागणार. म्हणजे सरासरी एकच मिनिट धरा. आता ५०. एक हातगाडी घेऊन तेही मिनिट वाचलं, तर पुन्हा ३६.

हातगाडी घ्यायची का, हा प्रश्न वरच्याला सुचला नसता. मोजून तोच देतो, पण काय मोजायचं हे सांगायला खालचाच लागतो. म्हणून मॉडेल बसवणाऱ्याने पहिला दिवस लॅपटॉपसमोर नाही, गाळ्याच्या दारात काढावा.