कान्हेरीचीं घरें आणि बोरिवलीचा फ्लॅट

बोरिवलीच्या पूर्वेस, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, प्राचीन कृष्णगिरि म्हणजे आजची कान्हेरी आहे. तेथील शंभराहून अधिक लेण्यांत लोक मूर्ति पाहावयास जातात. आम्ही घरें पाहावयास गेलों. चिरंजीवांनीं बोरिवलीस फ्लॅट घेतला असून त्याच्या सजावटीचा खल घरांत चालूं आहे, हें निमित्त.

येथें सुमारें हजार वर्षें भिक्षूंची वस्ती होती. त्यांचें घर तें केवढें! पुढें पडवी, आंत खोली, खोलींत निजावयाचा दगडी ओटा. सामान हलविण्याची यातायात नाहीं, कारण तें मूळ खडकांतूनच कोरलेलें. शेजारीं पाण्याचें टाकें. शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटलें आहे. डोंगरावरील पावसाचें पाणी कोरीव पन्हळींनीं त्यांत उतरतें. बाहेर बसावयास बाक आहेत, आणि तेथून दिसणारें रान कोणत्याहि तसबिरीहून सरस! ११ व्या लेण्यांतील दोन लांबच लांब, बुटके ओटे पाहून आमचें कुटुंब म्हणालें, “पंगतीची सोय उत्तम.”

सजावटकारांच्या नकाशांत खोटें छत, भिंतींतलीं कपाटें आणि घडीचा पलंग आहे. पैकीं पलंग आम्हांस पटला. परंतु ८८ वर्षांच्या मातुश्रींनीं दुपारीं टेकावयाचें कोठें, आणि देवघर टेलिव्हिजनच्या वरच्या फळीवर कां, याचें उत्तर त्यांत नाहीं. चिरंजीव म्हणतात, जागा नाहीं. तेव्हां खिडकीखालीं दीड हात रुंदीचा ओटा, त्याच्या पोटांत अंथरुणांचे कप्पे, एवढें आम्हीं शिसपेन्सिलीनें आंखून दिलें आहे. होकार अद्याप यावयाचा आहे; मातुश्री मात्र त्यावर कोणतें जाजम घालावयाचें तें ठरवून बसल्या आहेत.